बुडालेल्या मुलाचा जन्मदाखला

लिंबाची साल, आतल्या बाजूने.

एका देशातले लोक एकाच दिवशी बाहीवर काळी फीत बांधतात.

"हनुवटीखाली धर. सांडू नकोस, रामोन."

गावच्या नोंदवहीत एका ओळीची शाई वरच्या-खालच्या ओळींपेक्षा निळी आहे.

उसाच्या चिपाडांचा गोड धूर.

तीन बटणं, एक फुटका मणी, हनादीचा पहिला दुधाचा दात.

पाण्यात बुडालेला एक मुलगा सत्तर वर्षांचा होतो आणि खोकतो.

हे सगळं एकाच हकिगतीतलं आहे, मित्रांनो. मी तडकलेला आहे, त्यामुळे माझ्यातून काहीही नीट धारेने बाहेर येत नाही. आता सावकाश सांगतो.

मी एक जुना तुंबा आहे. मुठीत मावेन एवढा. भोपळ्याच्याच कुळातला, पण खायचा नव्हे. आमच्यात कडू पाला भरतात, वरून कढत पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ते ओढून पितात. त्याला मत्ते म्हणतात. दमास्कसच्या दक्षिणेला, सुवेदाच्या डोंगरावर, काळ्या दगडांच्या घरांतून, सकाळ-दुपार-संध्याकाळ मत्ते चालतं. अर्जेंटिनाला पोटासाठी गेलेली आमची माणसं परत येताना ही सवय घेऊन आली. 'आमची' म्हणतो खरा. मी स्वतः जन्माने तिकडचा. पण त्याबद्दल मला अजून कुणी अर्ज भरायला लावलेला नाही.

जन्मस्थळ

तुकुमान प्रांतात, साखर कारखान्याच्या मागच्या वस्तीत, एका परसातल्या मांडवावर मी वाढलो. भावंडांबरोबर हिरवागार लोंबत होतो. मला कापलं ते एल्विराने. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने चमच्याने माझं पोट खरवडलं, बिया काढल्या, आत राख आणि ओला पाला दाबून तीन दिवस ठेवलं आणि मग उन्हात वाळत घातलं. फार जळजळलं. पण त्याशिवाय तुंबा कामाचा होत नाही. तोंडाला तिने पत्र्याचं कडं बसवून घेतलं आणि पहिलं मत्ते स्वतः प्यायली.

एल्विराची वेणी कमरेच्या खाली जायची. हायल नावाचा डोंगरावरचा एक तरुण दारोदार कापड विकत तिच्या वस्तीत आला. त्याला त्यांची भाषा येत नव्हती. तो कापड उलगडायचा आणि नुसता हसायचा. तिने त्याला माझ्यातून मत्ते दिलं. पुढे ते दोघं एका खोलीत राहू लागले. मार्च १९४८ मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं रामोन. तिथल्या कचेरीत जाऊन हायलने स्वतः नोंद केली.

रामोन चालायला लागल्यावर एल्विरा माझ्यातलं शेवटचं, फिकं झालेलं पाणी साखर घालून त्याला पाजायची आणि दर वेळी तेच सांगायची, हनुवटीखाली धर.

१९५२ च्या जुलैमध्ये, तिकडे ऐन थंडी असताना, त्या देशाच्या अध्यक्षांची बायको वारली. कारखाना बंद झाला. लोक बाह्यांवर काळ्या फिती बांधून, मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. हायलने चार वर्षांच्या रामोनला खांद्यावर बसवलं आणि त्याच्याही हातात एक मेणबत्ती दिली. मेण बोटावर ओघळलं तसा तो भोकाड पसरून रडला. शेजारच्या बाईला वाटलं, एवढंसं पोर, तेही बाईंसाठी रडतंय! तिने त्याचे पटापट मुके घेतले.

त्या वर्षाच्या शेवटी रामोन आणि मी जहाजावर होतो. आपला मुलगा आपल्या लोकांत वाढावा असं हायलच्या मनाने घेतलं होतं. गझाला नावाची डोंगरावरची एक बाई मायदेशी परतत होती, तिच्या हाती त्याने मुलाला दिलं. मुलगा मला सोडेना, म्हणून मीही आलो.

आईचे नाव

बैरुतच्या धक्क्यावर नौफा उभी होती. हायलची आई. तिचा नवरा १९४७ च्या शरदात वारला, तेव्हापासून ती माहेरी राहत होती. तिने मुलाची हनुवटी वर केली, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "नाक आपलंच आहे. बाकीचं मी बघते."

बाकीचं सोपं नव्हतं. आमच्या लोकांत मूल आपलं म्हणायचं तर आई आणि बाप दोघंही आपल्यातले लागतात. नौफाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण हे तिला पक्कं माहीत होतं. ती माहेरच्या गावच्या मुखत्याराकडे, म्हणजे नोंदवही सांभाळणाऱ्या पाटलाकडे, गेली आणि तिने नोंद करून घेतली. नाव जादल्ला. जन्म मार्च १९४८. बाप, तिचा वारलेला नवरा. आई, नौफा. जन्मस्थळ, हेच गाव. पाच वर्षं उशिरा घुसवलेली ओळ, म्हणून तिची शाई वेगळी. नातवाला तिने पोटचा मुलगा करून टाकला. काही महिन्यांनी त्याचा हात धरून ती सासरच्या गावी परतली. नवरा गेला तेव्हा बाई दोन जिवांची असेल, माहेरी बाळंत झाली असेल, असं लोक धरून चालले. विधवेच्या पाठीमागे बोटं मोजणं कुणाला बरं वाटलं नाही.

अडचण एकच होती. मूल बोलायचं.

नव्या भाषेतले शब्द गोळा होत गेले तसा तो सांगू लागला. "माझं नाव रामोन. माझ्या आईची वेणी इथपर्यंत होती. आमच्याकडे गोड धूर यायचा. मी मेणबत्ती धरली होती. मग खूप खूप पाणी होतं."

पाणवठ्यावरच्या बायका वळून बघू लागल्या. नौफाने घागर खाली ठेवली. तिला विचार करायला एवढाच वेळ मिळाला.

"मागच्या जन्मीचं बोलतोय," ती म्हणाली. "बुडाला बिचारा. म्हणून सारखं पाण्याचं काढतो."

आमच्या डोंगरावर असं मानतात, मित्रांनो, की जीव एक देह सोडतो त्याच क्षणी दुसऱ्या बाळात जन्म घेतो. काही मुलांना मागचं आठवतं. अशा मुलाला 'नातिक' म्हणतात, म्हणजे बोलणारा. अशी मुलं मी माझ्या आयुष्यात पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला काही शंका काढायची नाही. पण हा मुलगा त्यांतला नव्हता. त्याला मागचा जन्म आठवत नव्हता. मागचं वर्ष आठवत होतं.

नौफाचं ते एक वाक्य गावभर झालं. आधी मुलाने मान हलवून "नाही, मी जहाजात होतो" असं सांगून पाहिलं. "हो ना, जहाजातूनच पडलास," नौफा म्हणायची. पोराला पोटाशी धरून म्हणायची. सहाव्या वर्षापर्यंत त्यालाही ते पटलं.

कामाची वर्षे

ती माझी चांगली वर्षं होती. लांबलांबच्या गावांहून लोक बोलणाऱ्या मुलाला ऐकायला यायचे. गादीवर गोल बसायचे. नौफा मला भरायची, एकाने ओढून संपवलं की लिंबाच्या सालीने नळीचं तोंड पुसून पुढच्याला द्यायची. मी हातोहात फिरायचो आणि जादल्ला बोलायचा. सहाव्या वर्षी बोलला, विसाव्या वर्षी बोलला, तिसाव्या वर्षी मिशी पुसत बोलला. गोष्ट तीच. रामोन नावाचा मुलगा, एल्विरा नावाची आई, गोड धूर, काळ्या फिती, मेणबत्त्या, आणि शेवटी पाणी.

बायका डोळे पुसायच्या. "त्या माउलीचं काय झालं असेल रे?"

"रडून मोकळी झाली असेल," तो समजूत घालायचा. "मुलगा बुडाला हे तिला कळलंच असेल ना. पुढे संसार केला असेल."

लोक माझंही कौतुक करायचे. कडं बघ कसं घडवलंय, म्हणायचे. नौफा सांगायची, हायलने पाठवला तिकडून. ते काही अगदीच खोटं नव्हतं. हायल स्वतः कधी परत आला नाही. नौफा १९७१ मध्ये गेली. शेवटच्या दिवसांत तिने दोनदा जादल्लाला जवळ बोलावलं आणि दोन्ही वेळा फक्त पाणी मागितलं.

जादल्लाचं लग्न झालं, एकच मुलगी झाली, हनादी. एका हिवाळ्यात कुणीतरी मला शेगडीच्या फार जवळ ठेवलं आणि मी टच्‌कन तडकलो. तोवर जो तो आपापल्या काचेच्या पेल्यात, आपापल्या नळीने पिऊ लागला होता. मला फळीवर ठेवलं. कुणी माझ्यात बटणं टाकली, कुणी मणी. हनादीने आपला पडलेला दात टाकला. पस्तीस वर्षं तिथे धूळ खात होतो. फेकून दिलं नाही, एवढीच काय ती कदर.

अर्जदार

आता हनादी बेचाळीस वर्षांची आहे. शाळेत गणित शिकवते, शाळा उघडी असेल त्या दिवशी. नवरा आजारी पडला तेव्हा औषध दमास्कसला होतं आणि युद्धामुळे रस्ता बंद होता, तो गेला. दोन मुली आहेत. थोरलीने शाळेला जाणं सोडलं, कारण त्या रस्त्यावरून माणसं उचलून नेतात आणि मग घरी पैशांसाठी फोन येतो. धाकटी हल्ली प्रश्न विचारत नाही. वीज दिवसातून दोन तास येते. जादल्लाची बायको केव्हाच गेली. हे चौघं एका शेगडीभोवती बसतात आणि मी वरून बघतो.

शेजारीण उम्म रजा हिचा बाप व्हेनेझुएलात जन्मलेला होता. त्या एका गोष्टीवर तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं आणि सगळं घर निघून गेलं. किल्ली आणि मांजर आमच्याकडे ठेवून.

हनादी दमास्कसच्या वकिलातींच्या खिडक्या पालथ्या घालून आली. अंगातला कोटही न काढता बसली.

"पाच तपासणी नाके लागले," ती म्हणाली. "दर नाक्यावर तेच. कुठून आलीस, कुठे चाललीस. आता मलाच सांगता येईना, बाबा."

"काय म्हणाले?"

"आई नाहीतर बाप तिकडे जन्मलेला असला पाहिजे म्हणाले. असला तर मग माझं वय कितीही असू दे, चालतं." ती उगाच हसली. "तुम्हीही काय बाबा! मागच्या जन्मी गेलात अर्जेंटिनाला. या जन्मी गेला असतात तर काय बिघडलं असतं?"

"घाई झाली, पोरी. पुढच्या खेपेला लक्षात ठेवीन."

दोघंही हसले. मी माझ्या फळीवर, पोटात बटणं घेऊन, गप्प.

पण हनादी गणिताची बाई आहे. दोन दिवसांनी दुपारी वीज आली तेव्हा तिने मोबाइल भरायला लावला आणि सहज म्हणून त्यावर काळ्या फिती आणि मेणबत्त्या शोधल्या. देश माहीत होता, गोष्ट तर तिला तोंडपाठ होती. तिने एका कागदावर दोन सालं लिहिली, एकाखाली एक. वजाबाकी केली. मग पुन्हा केली.

"बाबा, तो मुलगा मेणबत्ती धरून उभा होता, तेव्हा जिवंत होता ना?"

"मेलेला मुलगा मेणबत्ती धरेल का?"

"ते बावन्न साल होतं. जुलै."

"असेल."

"तुमचा जन्म अठ्ठेचाळीसचा."

जादल्लाने पेला खाली ठेवला.

"तो बुडाला आणि त्याच क्षणी तुम्ही जन्मलात, असं ना? मग तुम्ही चार वर्षांचे झालात तरी तो तिकडे मेणबत्ती धरून कसा?"

तो उठला. कोट चढवू लागला. "कोंबड्या बघून येतो."

"कोंबड्या आपण गेल्या वर्षी विकल्या, बाबा."

तरी तो बाहेर गेला. बराच वेळ रिकाम्या खुराड्यापाशी उभा होता.

पुरावा

गंमत बघा. त्याच्या गोष्टीत सगळा पत्ता होता. मुलाचं नाव, आईचं नाव, साखर कारखाना, वर्ष. हनादीने तिकडच्या कचेरीला पत्रं लिहिली. सात महिने गेले. मग एक कागद आला. अर्जेंटिनाहून परतलेल्या सुवेदातल्या एका म्हाताऱ्याने तो वाचून दाखवला: रामोन. बाप हायल. आई एल्विरा. मार्च १९४८.

"आणि समास कोरा आहे," हनादी बापाला म्हणाली. "तिकडे माणूस मेला की त्याच्या जन्माच्या नोंदीच्या समासात लिहितात. या मुलाच्या काही लिहिलेलं नाही. त्यांच्या दप्तरात तो अजून जिवंत आहे."

जादल्ला खोकला.

कागद आला, पण तेवढ्याने भागत नव्हतं. आमच्या सरकारी वहीत तो इथे जन्मलेला, नौफाचा मुलगा. रामोन आणि जादल्ला एकच, हे सिद्ध करायला कोर्टात नोंद दुरुस्त करून घ्यायला हवी. त्यासाठी जादल्लाचा सहीचा जबाब आणि त्याच्याहून वयाने मोठे दोन साक्षीदार.

"जमायचं नाही," तो म्हणाला. "ज्या बाईने मला वाढवलं तिला कोर्टात उभी करून खोटी ठरवू? मेलेल्या बाईला?"

"आणि जिवंत आहेत त्यांचं?" हनादीने मुलींकडे पाहिलंही नाही. आवाजही चढवला नाही. तेवढी ताकद उरली नव्हती तिच्यात. तिने जबाबाचा मसुदा साखरेच्या डब्याखाली ठेवला. रोज सकाळी जादल्ला डबा उचलायचा, साखर घ्यायचा, डबा परत कागदावर ठेवायचा. असे पाच आठवडे.

मग गावातल्या धार्मिक मंडळींतला शेख फंदी आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, डोक्याला पांढरंशुभ्र गुंडाळलेलं, एका कानाने बहिरा, आणि त्या कानाचा सोयीने उपयोग करणारा.

"अबू हनादी, मला साक्षीला बोलवायचं आणि मत्तेला बोलवायचं नाही, ही कुठली रीत?" अबू हनादी म्हणजे हनादीचा बाप.

"मी कुणाला बोलावलेलं नाही."

"पोरीने बोलावलं. ती तुझ्यावर गेली नाही, देवाची कृपा." तो बसला. पेला घेतला. "तू या गावात आलास तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. खेळताना तुला कुणी ढकललं की तू काहीतरी ओरडायचास. ऐकायला फार झोकदार वाटायचं. मी ते पाठ केलं. पुढे माझा चुलता ब्यूनोस आयर्सहून आला, त्याला मोठ्या ऐटीत म्हणून दाखवलं. त्याने ताडकन माझ्या मुस्काटात मारली."

"का?"

"अरे, शिवी होती ती! इतकी घाण की त्याने अर्थ सांगितला नाही, मरेपर्यंत. मागच्या जन्मातून माणूस जखमेची खूण आणतो, नाव आणतो. आईवरून शिव्या आणत नाही. तेव्हाच कळलं मला."

जादल्लाचा चेहरा उतरला. "आणि सत्तर वर्षं माझ्यासमोर बसून गोष्ट ऐकलीस?"

"पासष्ट. आणि चांगली सांगायचास. मी बोलायचं तरी कुणाजवळ? नौफा गरम भाकरीला द्राक्षांची काकवी लावून आम्हा पोरांच्या हातावर ठेवायची. अर्ध्या गावाला माहीत होतं, जादल्ला. उरलेल्या अर्ध्याला माहीत करून घ्यायचं नव्हतं."

मग जादल्लाने खाली बघून विचारलं, "तू शेख आहेस. सांग. मी आपल्यातला की नाही?"

"ते ठरवायचा अधिकार मला नाही, आणि असता तरी वापरला नसता," शेख फंदी म्हणाला. "तू माझ्याआधी गेलास तर मी तुझ्या उशाशी उभा राहीन. मी आधी गेलो तर तू माझ्या उशाशी उभा राहा. दुसरं काही मला ठाऊक नाही."

मला वाटलं, आता सही होणार. जादल्लाला भीती होती ती हीच, असं मी धरून चाललो होतो. हनादीही दारात उभी राहून तेच समजत होती. पण त्याने मान हलवली.

"ते नाही रे, फंदी. ती बाई." तो म्हणाला. "मुलगा बुडाला की आई रडते. वर्ष, दोन वर्षं. मग गाय असते, स्वयंपाक असतो. मी आजवर तेच धरून चाललो. लोकांना तेच सांगितलं, ती रडून मोकळी झाली असेल. आता सही केली की तो बुडाला नाही. मग ती कसली मोकळी होते? ती किती वर्षं दारात बघत बसली असेल?"

शेख फंदीने बहिरा कान पुढे केला नाही. त्याने ऐकलं होतं. त्याने लिंबाची साल उचलली, नळीचं तोंड सावकाश पुसलं आणि पेला परत जादल्लाच्या हातात दिला.

सही

दुसऱ्या दिवशी सकाळी जादल्लाने मला फळीवरून खाली काढलं. बटणं, मणी आणि दात टेबलावर ओतले. फडक्याने मला आतून पुसलं.

"त्या कागदावर तिचं आडनाव आहे?" त्याने विचारलं.

"आहे," हनादी म्हणाली.

"वाच."

तिने वाचलं.

"परत वाच."

तिने परत वाचलं. तो ओठ हलवत पुटपुटला. जिभेला जमेना, मग जमलं.

"मी सही केली नाही तर या बाईला जगात कुणीच नाही," तो म्हणाला. "बुडालेला मुलगा तर कधी नव्हताच. आण तो कागद."

सुवेदाच्या कोर्टात त्याने मला कोटाच्या खिशात घालून नेलं. झडतीत कारकुनाने मला बाहेर काढलं.

"हे काय, काका? भोपळा साक्ष देणार?"

"तिथे हजर होता म्हणून आणलाय," जादल्ला म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही.

शेख फंदी आणि नौफाच्या माहेरची एक नव्वद वर्षांची म्हातारी, दोघांनी साक्ष दिली. म्हातारी म्हणाली, पोराला आणलं तेव्हा ते माझ्या दाराशी उलटी करून बसलं होतं, जहाज लागलं होतं त्याला, दुसरं काय विचारायचंय?

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची आई कोण?"

"एल्विरा." मग त्याने आडनावही सांगितलं, न अडखळता.

"आणि नौफा?"

"माझी आजी." हा शब्द त्याने तिच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. "आईसारखं केलं तिने माझं."

"खोटी नोंद तिनेच केली?"

"भीतीने केली. तसं लिहा."

"तसा रकाना नसतो, काका."

"मग रकाना सोडून लिहा."

न्यायाधीशांनी लेखनिकाकडे पाहिलं. त्याने लिहिलं की नाही, मला खिशातून दिसलं नाही.

सध्याचा पत्ता

पुढे आणखी अकरा महिने गेले. शिक्के, भाषांतरं, पुन्हा शिक्के. मग हनादी आणि दोन्ही मुली गेल्या. जादल्ला गेला नाही. मांजराला कोण बघणार, म्हणाला.

हनादी फोन करते. तिथला कारखाना बंद पडलाय. त्या वस्तीच्या जागी आता गाड्या धुतात. थोरली एकटी बसने शाळेत जाते; एवढं सांगताना हनादीचा आवाज जरा मोकळा होतो. एल्विरा १९८९ मध्ये वारली, असं कचेरीत कळलं. दुसरं मूल तिच्या नावावर नाही. तिची कबर हनादीला सापडली. फोटो पाठवला, पण इथे वीज आली तेव्हा तो अर्धाच उघडला.

माझी चीर जादल्लाने मेणाने बुजवली. तो माझ्यातूनच पितो. मी गळतो, त्याच्या पायजम्यावर डाग पडतात आणि तो मला शिव्या देतो, साध्या, इथल्या. लोक अजून गोष्ट ऐकायला येतात. तो आता खरी सांगतो. परवा एक पाहुणी ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे याच जन्मीचं? मग त्यात काय एवढं!" आणि चपला शोधू लागली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. जुनी भांडी सांभाळा असं मी सांगणार नाही. तडकलेल्या भांड्याला बोटभर मेण पुरतं. पण घरातलं म्हातारं माणूस तीच गोष्ट विसाव्यांदा सांगू लागलं तर उठून जाऊ नका. एकदा तरी विचारा, हे कोणत्या साली झालं? आणि लहान मूल काही सांगत असेल तर त्याला ते पुरं सांगू द्या. त्याच्या बोलण्याचा अर्थ त्याच्या आधी तुम्ही लावू नका. बस. आता मला पालथा घाला. दमलो मी.

जहाज बुधवारी सुटलं. हायलने एल्विराला गुरुवार सांगितला होता.